उत्तर बाल्यावस्था : हाताला काम आणि दोस्तांत जागा

साधारण सहाव्या वर्षापासून मूल वयात येईपर्यंतच्या काळाला मानसशास्त्रात उत्तर बाल्यावस्था म्हणतात. मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा थोडा लवकर संपतो. आपल्या घरांत याच वयात मूल शाळेबरोबर मकतबला जाऊ लागतं, कायदा संपवून नाझरा सुरू करतं, आणि एखाद्या रमजानमध्ये हट्ट करून पहिला रोजा ठेवतं. या काळात शरीराची वाढ संथ असते, बालपणीची सततची आजारपणंही कमी झालेली असतात. त्यामुळे अम्मी-अब्बांना वाटतं, आता काही वर्षं निवांत. पण आतमध्ये मूल स्वतःची किंमत ठरवत असतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे दोन मापं असतात : मला काही करता येतं का, आणि दोस्तांत मला जागा आहे का.

कौशल्ये

एलिझाबेथ हरलॉक यांचं नाव बी.एड. केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यांनी या वयातल्या कौशल्यांचे चार गट केले : स्वतःचं स्वतः करणं, दुसऱ्यांना मदत करणं, शाळेची कौशल्ये आणि खेळाची कौशल्ये. शाळेच्या कौशल्यांवर आपण इतकं बोलतो की बाकीचे तीन गट विसरूनच जातो.

शाळेबद्दल एकच गोष्ट सांगते. आपली बरीच मुलं उर्दू उजवीकडून डावीकडे आणि मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात. त्यात उर्दूच्या ओळीत आकडे मात्र डावीकडूनच लिहायचे. पहिली-दुसरीत यात गोंधळ होणं साहजिक आहे. तेवढ्यावरून मूल ‘कच्चं’ आहे असा शिक्का मारू नये. बोटांचे बारीक स्नायू आणि नजर यांचा मेळ बसायला वेळ लागतो, मग अक्षरही स्थिर होतं.

खरा प्रश्न मदतीच्या कौशल्यांचा आहे. एरिक एरिक्सन यांनी १९५० च्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या पुस्तकात या वयाचा झगडा उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड असा मांडला. म्हणजे या वयाच्या मुलाला खरं काम करायचं असतं, खोटं खोटं नाही. भाजी निवडणं, किराणा आणून उरलेल्या पैशांचा हिशेब देणं, दस्तरख्वान लावणं आणि उचलणं, सायकलची चेन बसवणं. असं काम पूर्ण झालं की ‘मला जमतं’ हा भरवसा येतो. सारखं ‘ठेव, तुला नाही जमणार’ ऐकलं की मूल हात आखडून घेतं.

आपल्याकडे यात उघड अन्याय होतो. दहा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला सगळं काम येतं आणि तिचा खेळ बंद होतो. तिच्याच वयाच्या भावाला खेळ मिळतो, पण स्वतःचं ताट धुवायलाही कोणी सांगत नाही. नुकसान दोघांचंही होतं. तिची खेळाची कौशल्ये राहून जातात, त्याची घरची.

मदत आणि मजुरी यांतला फरकही लक्षात ठेवावा. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्या व्यवसायात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावायची सवलत आहे, तीही धोक्याचं काम नसेल तरच.

भावना

लहान मुलाला अंधाराची, भुताची भीती वाटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला भीती वाटते ती हसं होण्याची, नापास होण्याची, वर्गासमोर चुकण्याची. रागाचंही तसंच. दोस्तांसमोर रडलं किंवा चिडलं तर चिडवतात, म्हणून बाहेर मूल स्वतःला आवरतं आणि सगळं घरी येऊन मोकळं करतं. ‘शाळेत शहाणा, घरी शैतान’ अशी तक्रार पालकसभेत नेहमी ऐकायला मिळते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

याच वयात मूल स्वतःची इतरांशी तुलना करायला शिकतं. त्यात आपण तेल ओततो : ‘खाला का लड़का देख, उसके दस पारे हो गए, तू वहींच बैठा है.’ अशा बोलण्याने मूल पुढे सरकत नाही, लपवायला मात्र शिकतं. कौतुकातही जपावं लागतं. म्यूलर आणि ड्वेक या अमेरिकन संशोधकांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ज्यांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, ती मुलं अवघड प्रश्न आल्यावर लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं, ती टिकून राहिली.

दोस्ती

या वयाला टोळीचं वय असंही म्हणतात. मुलांची टोळी वेगळी, मुलींची वेगळी. त्यांची गुप्त नावं असतात, खुणा असतात, आणि मोठ्यांना सांगायचं नाही अशा गोष्टी असतात. पालकांना हे वाया जाणं वाटतं. पियाजे यांनी मात्र गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांचं निरीक्षण करून १९३२ मध्ये दाखवलं की नियम सगळ्यांनी मान्य केले म्हणून पाळायचे असतात, ही समज मुलांना आपसात खेळताना येते. आपल्या गल्लीत क्रिकेट बघा. एक टप्पा कॅच आऊट, गच्चीवर गेला तर आऊट, बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग. त्यावर अर्धा तास भांडण होतं आणि मग तोड निघते. ही तोड मोठ्यांनी काढून दिली तर शिकायचं तेच राहून जातं.

टोळीला दुसरी बाजूही आहे. तुर्कस्तानात जन्मलेले मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका शिबिरात ११ वर्षांच्या आसपासच्या मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावताच शिव्या, झेंडे जाळणं, मारामाऱ्या सुरू झाल्या. नुसतं एकत्र जेवायला बसवून काही फरक पडला नाही. बंद पडलेलं पाणी सुरू करणं, अडकलेला ट्रक ओढणं अशी दोघांनाही गरजेची कामं आली, तेव्हा वैर ओसरलं. वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली, वेगवेगळ्या धर्मांची मुलं एका शाळेत येतात, तिथे हे उपयोगी आहे. भाषणापेक्षा एकत्र विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल करायला द्यावं.

आपल्या मुलांसाठी सर्वांत नाजूक वळण माध्यम बदलाचं असतं. अनेक गावांत उर्दू शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असते. पुढे मूल मराठी शाळेत जातं, आणि टोळीची सर्वांत जास्त गरज असताना त्याची टोळी सुटते. भाषा अडखळते, त्यामुळे वर्गात बोलत नाही, म्हणून दोस्त मिळत नाहीत. सकाळी पोट दुखणं, डबा तसाच परत येणं, डबे खायच्या सुट्टीत एकटं बसणं या खुणा दिसल्या तर वर्गशिक्षकांना लगेच भेटावं. या वयात दहा दोस्त लागत नाहीत, एक जिगरी दोस्त पुरतो. त्याला घरी बोलवा, खाऊ घाला. मुलीच्या बाबतीत तर हे जास्तच करा, कारण तिला बाहेर भेटायला जागा कमी असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठी गोष्टींची पुस्तकं मोठ्याने वाचून घ्यावीत. नव्या शाळेत जुना एखादा सोबती जात असेल तर दोघांना एकाच तुकडीत घेण्याची विनंती प्रवेशाच्या वेळीच करावी. तुकड्या पडल्यावर शाळेला बदल करणं अवघड जातं.