ओरडून आवाज पोचत नाही

तळ्याच्या बाजारातल्या एसटीडी बूथवरून दादी अब्बांशी बोलायची, तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबायची. अब्बा आखातात नोकरीला. माणूस जितका लांब, तितकं मोठ्यानं बोलावं, अशी तिची पक्की समजूत. आम्ही हसायचो. पण हीच चूक शिकल्यासवरल्यांनीही केली आहे.

1858 साली अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पडली. संदेश पुसट येऊ लागले, तेव्हा कंपनीचे विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच कमजोर असलेली तार काही आठवड्यांत निकामी झाली. विल्यम थॉमसन यांनी त्याआधीच हिशेब मांडला होता: लांब तारेत ठोका नुसता क्षीण होत नाही, तो पसरतो. लांबी दुप्पट झाली, की विलंब चौपट. एक ठोका दुसऱ्यात मिसळल्यावर जोर वाढवून काय उपयोग?

1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानं मुंबई ते एडन तार टाकली, तोवर हा धडा गिरवून झाला होता. दाब कमी ठेवायचा आणि घेणारं यंत्र नाजूक करायचं. पुढे ठोक्यामागे लगेच उलटा ठोका पाठवून त्याची शेपटी छाटण्याची युक्तीही आली. आणि एडनला बसलेला कारकून संदेश वाचून पुढच्या तारेवर नव्यानं पाठवायचा.

आजच्या सर्व्हरमध्ये सेकंदाला अब्जावधी ठोके जातात, तेव्हा तांब्याची वीतभर वाटही त्या समुद्रासारखी वागते. उपायही तेच. वाट थोडी लांब असेल, तर दोन्ही टोकांच्या चिपमधली इक्वलायझरची सोय पुरते. त्याहून लांब असेल, तर रिड्रायव्हर. तो दबलेले वरचे स्वर उचलतो. स्वस्त आणि चपळ, पण सोबतची खरखरही वाढवतो. ठोके ओळखू येईनासे होण्याइतकी वाट खराब असेल, तर रिटायमर. तो एडनच्या कारकुनासारखा वाचून कोरा संदेश पाठवतो. मात्र वीज, पैसा आणि थोडा वेळ जास्त घेतो. म्हणून आधी वाट मोजावी, मग भाग निवडावा.

डिप्लोमा करणारी आपली मुलं महागडा भाग लावून मोकळी होतात, तेव्हा मला बूथमधली दादी आठवते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की दोष तिच्या आवाजात नाही, वाटेत आहे.