घाट, बंदर आणि धावपट्टी

जुन्नरहून समुद्र दिसत नाही. परंतु जुन्नरचे प्राचीन वैभव घडविण्यात समुद्राचा वाटा मोठा आहे. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून येथे येई आणि पुढे पैठणकडे जाई. आंबेगावच्या बाजूसही भीमाशंकराजवळून गणेश घाट खांडसला उतरतो. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, वाटेवर पाण्याची टाकी आहेत, शेजारी पहाऱ्यास जीवधन आहे. तेथल्या दगडी रांजणात जकात जमा होई, अशी लोकश्रुती आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दाने कोरलेली आहेत, तसेच धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचेही दान आहे. निवारा, पाणी, संरक्षण आणि दोन्ही टोकांना माल, एवढ्यावर हा घाट शतकानुशतके जगला.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. नाणेघाट जागच्या जागी राहिला. माल मात्र दुसऱ्या वाटेने गेला.

किनाऱ्यावर तर प्रवास म्हणजे आगबोट. पावसाळ्यात तिचा भरवसा नसे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली. कोकण रेल्वे पूर्ण लांबीने धावू लागली ती १९९८ मध्ये. अशा प्रदेशाला आकाशमार्गाची ओढ वाटली तर त्यात नवल नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या साध्या मैदानावर उतरले. पुढे भारताने केलेल्या आर्थिक कोंडीमुळे पोर्तुगीजांनी गोव्यात दाभोळीची धावपट्टी उभारली. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले. मुक्तीनंतर ती नौदलाकडे गेली. पण पर्यटकांची रीघ लागली तेव्हा नागरी वाहतुकीलाही तिथे बरकत आली.

सिंधुदुर्गातील चिपीचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. धावपट्टी अडीच किलोमीटरची, मदतीला ‘उडान’ योजना. त्या योजनेत सरकारी साह्य तीन वर्षांचे असते. मुदत सरली आणि २०२४ मध्ये मुंबईची ती सेवा खंडित झाली. धावपट्टी शाबूत होती. नाणेघाटही शाबूतच होता.

हा इतिहास आम्ही सांगतो तो आपल्या दारची गोष्ट म्हणून. पुण्याच्या नव्या विमानतळासाठी शेजारच्या खेड तालुक्यातील जागेची चर्चा वर्षानुवर्षे चालली. अखेर २०१६ मध्ये पुरंदरची निवड जाहीर झाली. जागा कोठलीही असो, जाते ती कोणाची तरी पिकती जमीन. म्हणून विमानतळाचा विषय निघेल तेव्हा आपण चार प्रश्न विचारावेत: रोज कोण जाणार? नारायणगावचा भाजीपाला किंवा देवगडचा आंबा त्यातून जाणार काय? तेथवर पोहोचण्यास रस्ता कसा? आणि साह्य संपल्यावर खर्च कोण भागविणार? या प्रश्नांची उत्तरे असतील, तर लहान विमानतळ हेच आजचे बंदर होय. नसतील, तर पुढच्या पिढीला तेथे नुसते रिकामे रांजण दाखवावे लागतील.