वतन गेलेल्यांचे म्हातारपण

नेवासे म्हटले की शिकल्या-सवरल्या मराठी माणसाला पैस खांब आठवतो. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी या खांबाला टेकून गीता मराठीत सांगितली, ही प्रवराकाठची थोर स्मृती आहे, आणि तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांची कधी वाण पडलेली नाही. पुरातत्त्वाची आवड असलेल्याला डॉ. सांकलियांचे १९५४ ते १९५६ चे उत्खनन आठवते. मला मात्र नेवासे तालुका म्हटला की वडाळा बहिरोबा आठवते, आणि त्या बाजूच्या गावोगावच्या महारवाड्यांत शाळा चालवणारे, रविवारी उपदेश करणारे, तेवढ्याच पगारात घर रेटणारे आमचे मास्तर-उपदेशक आठवतात. त्यांनी आम्हाला पाटी-पेन्सिल दिली, हे आपल्या इतिहासलेखनात कुठेतरी येते. पण म्हातारपणी ते कुठे गेले? या प्रश्नावर आपल्या चळवळीने लिहिलेले माझ्या वाचनात नाही. चर्चनेही फारसे लिहिलेले दिसत नाही.

हा प्रश्न मला एका परक्या इमारतीमुळे सुचला. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात पर्थ अँबॉय नावाचे गाव आहे. तेथे इंग्रज राजाच्या गव्हर्नरासाठी १७६० च्या दशकात बांधलेला वाडा आहे. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम हा तेथे राहणारा गव्हर्नर. बाप क्रांतीच्या बाजूचा, मुलगा राजाच्या बाजूचा. १७७६ मध्ये मुलाला अटक झाली. पुढे वाड्याचे हॉटेल झाले आणि १८८३ मध्ये तो प्रेस्बिटेरियन चर्चच्या साहाय्य मंडळाला दान मिळाला. मग त्या वाड्यात थकलेले पाळक, पाळकांच्या विधवा आणि पोरकी मुले राहू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी ही व्यवस्था मोडली, पण काही वर्षे तरी गव्हर्नराच्या दिवाणखान्यात म्हातारे पाळक ऊन खात बसले असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्याही आधीची गोष्ट स्कॉटलंडची. तेथील प्रेस्बिटेरियन पाळकांनी १७४४ मध्ये आपल्या विधवा व मुलांसाठी निधी उभारला. दरसाल किती पाळक मरतील, किती विधवा मागे उरतील, याचे गणित मांडून प्रत्येकाने वर्षाला ठरावीक वर्गणी भरायची आणि त्या मानाने विधवेला वर्षाला १० ते २५ पौंड मिळायचे. एडिंबरोचे दोन पाळक आणि एक गणिती यांनी हा हिशेब केला. आजच्या विमा व्यवसायाचा पाया येथे आहे असे मानतात. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. पर्थ अँबॉयचा वाडा हे दान होते. एडिंबरोचा निधी हा हक्क होता. वर्गणी भरलेल्या माणसाच्या बायकोला कोणापुढे पदर पसरावा लागत नव्हता.

आता नगरकडे या. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस नगरला ठाणे घातले. हे मिशन मुळात काँग्रिगेशनल पंथाचे. १९२४ साली उत्तर हिंदुस्थानातील प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या, आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा ही संयुक्त मंडळी त्यात गेली. म्हणजे वडाळ्याचा पाळक काही दशके एडिंबरोच्या पाळकाचा पंथबंधूच होता. पण पंथाबरोबर त्याची पेढी येत नाही.

नगरच्या पहिल्या एतद्देशीय पाळकांत हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक अशी ब्राह्मण नावे ठळक दिसतात. मंडळीत मात्र भरती होत होती ती महारांची, आणि मांगांची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर ती फार वाढली. वडाळ्याला सॅम्युअल फेअरबँक साहेब अनेक वर्षे होते. १८४६ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि १८९८ मध्ये वारले. पक्षी आणि शंख-शिंपले गोळा करण्याचा त्यांना नाद होता. दक्षिणेतल्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक आहे. त्यांच्याबरोबर उन्हातान्हात गावे हिंडणाऱ्या उपदेशकांची नावे कशात आहेत, ते शोधावे लागते.

१८५४-५५ मध्ये अमेरिकेहून मिशन मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीला आले. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, स्वतःच वाढावे, असे त्यांचे धोरण. कानाला हे स्वाभिमानाचे वाटते, आणि काही अंशी ते तसे आहेही. परक्यांच्या पैशावर उभी राहिलेली मंडळी कायम मिंधी राहते हे मीही मानतो. पण महारवाड्याच्या अंगणात उभे राहून हे गणित करून पाहा. मंडळीतली घरे शेतमजुरांची. दशांश द्यायचा तो ज्वारी-बाजरीतून. एवढ्यावर एक पाळक कसाबसा पोसला जाई. तो थकला आणि त्याच्या जागी तरुण पाळक आला, की त्याच दाण्यांत दोन घरे बसवायची. मंडळी निष्ठुर नव्हती, दाणेच तेवढे होते. स्कॉटलंडच्या पाळकाला वर्गणी भरण्याइतके तरी उत्पन्न होते.

यात वतनाची गोष्ट विसरून चालणार नाही. महाराचे म्हातारपण कशावर निघे? वतनावर. हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि बलुत्याची भाकर, मग ती कितीही अपमानाची असो. मेलेली ढोरे ओढणे, सांगावे पोचवणे, वेठ करणे हे वतनाचे मोल होते. १८५० च्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क बुडत नाही असे ठरले खरे; पण चाकरीला बांधलेल्या जमिनीत, चाकरी सोडलेल्या माणसाचा वाटा गावाने आणि भाऊबंदांनी किती मानायचा, हे कायद्याच्या पुस्तकात ठरत नव्हते. येशूचा झालेला महार ढोर ओढायला गेला नाही, हा त्याचा स्वाभिमान. त्या स्वाभिमानाची किंमत त्याने म्हातारपणी मोजली.

माझे आजोबा याच तालुक्यात मास्तर-उपदेशक होते. कोणत्या मिशनचे, ते मुद्दाम लिहीत नाही. दोष एका संस्थेचा नव्हता. आजी बायबलबाई म्हणून बायकांत फिरे, तिच्या कामाचा पगार तर नावालाच. स्वातंत्र्यानंतर सरकारी शाळा गावोगाव निघाल्या आणि मिशनच्या लहान शाळा बंद पडत गेल्या. ज्यांच्याजवळ ट्रेनिंगचे सर्टिफिकेट होते ते सरकारी नोकरीत गेले, त्यांना पुढे पेन्शन मिळाली. आजोबांजवळ सर्टिफिकेट नव्हते, शुभवर्तमान तोंडपाठ होते. काम संपले तसे शाळेमागची खोलीही सोडावी लागली. एक घड्याळ आणि मोठ्या अक्षरांचे बायबल भेट मिळाले. घड्याळ नंतर विकले.

महार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी वहिवाटदारांना फेरदेण्याची तरतूद झाली. आमच्या भावकीत वहिवाट चुलत आजोबांची. आजोबांचा वाटा सामाईकात कुठेतरी होता, पण तो मागायला त्यांना तोंड नव्हते. पस्तीस वर्षे त्यांनी भाऊबंदांना ढोर ओढू नका म्हणून सांगितले होते, आणि ओढणाऱ्यांनीच तो तुकडा राखला होता.

सरकारदरबारीही जागा नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. धर्मांतरानंतरही तेच दैन्य टिकून आहे याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही, असे म्हणून न्यायालयाने १९८५ मध्ये ती फेटाळली. २०२२ मध्ये केंद्राने या प्रश्नावर आयोग नेमला. पुरावा हवा होता तर नेवासे तालुक्यातल्या एखाद्या थकलेल्या उपदेशकाच्या घरी यायचे होते. घर सापडले असते तर.

आमच्या आजोबांना घर दिले ते चुलतभावाने. १९५६ नंतर त्याने दीक्षा घेतली होती. पडवीला कुडाची भिंत घालून त्याने एक खोली करून दिली. एका भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कुडाच्या अलीकडे येशूचे कॅलेंडर. संध्याकाळी पलीकडे त्रिशरण होई, अलीकडे आजोबा हलक्या आवाजात गायन म्हणत. धर्मावरून दोघे भाऊ भांडत, आणि ते भांडण कडक असे. चुलत आजोबा म्हणत, ‘साहेबाचा देव साहेबाबरोबर गेला, दादा.’ आजोबा उत्तर देत नसत. मात्र भाकरी कधी वेगळी झाली नाही.

१९६७ च्या पावसाळ्यात आजोबा गेले. मी नऊ वर्षांचा होतो. ख्रिस्ती दफनभूमी लांब, ओढ्याला पाणी, बैलगाडी निघेना. महारवाड्याच्या जुन्या मसणवट्यातच जागा काढली. पाळक पोचू शकले नाहीत, म्हणून आजीनेच त्या मोठ्या अक्षरांच्या बायबलातून वाचले. खड्डा चुलत आजोबांच्या मुलांनी खणला.