बाळाचे मोठे डोके आणि ‘एमएलसी’

‘एमएलसी’ हा मेंदूतील पांढऱ्या द्रव्याचा दुर्मिळ आनुवंशिक विकार. बाळाचे डोके पहिल्या वर्षातच प्रमाणाबाहेर वाढते. मूल हसते-खेळते असल्याने शंका मात्र येत नाही. पुढे तोल जातो, पाय ताठरतात, आकडी येते. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल व सहकाऱ्यांनी अग्रवाल समाजातील अशा मुलांची माहिती १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. एमआरआयमध्ये पांढरे द्रव्य सर्वत्र सुजलेले, कानशिलाजवळच्या भागात द्रवाच्या पुटी. आणि मूल तर चालते-बोलते! या विसंगतीवरूनच निदान सुचते. मुख्य जनुक २००१ मध्ये सापडल्याने रक्ताच्या जनुकीय तपासणीतून खात्री करता येते. रोग बरा करणारे औषध नाही. तरीही निदान हवेच. कारण आई-वडील दोघेही निरोगी वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो आणि कुटुंबातील जनुकदोष ठाऊक असेल, तरच गर्भाची तपासणी शक्य होते.