गोवा मुक्तिलढा आणि संपर्कबंदीचे राजकारण (१९४६ ते १९६१)

प्रस्तावना

वादग्रस्त सीमाप्रदेशात राजकीय तणाव वाढू लागला की शासनसंस्था प्रथम संपर्काच्या साधनांकडे वळते. वृत्तपत्रे, टपाल, प्रवास आणि अलीकडच्या काळात दूरध्वनी व इंटरनेट यांवर निर्बंध येतात. या निर्बंधांचे समर्थन बहुधा सुरक्षिततेच्या नावाने केले जाते. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गोव्याचा १९४६ ते १९६१ हा कालखंड या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कारण येथे एकाच प्रदेशावर दोन परस्परविरोधी सत्तांनी, भिन्न हेतूंनी, संपर्काचे निर्बंध लादले. पोर्तुगीज शासनाने आतून विचारांचे दळणवळण रोखले, तर भारत शासनाने बाहेरून माणसे, माल आणि पैसा यांचे दळणवळण थांबवले. या दुहेरी कोंडीचे स्वरूप तपासणे आणि तिच्यामुळे कोणाचा हेतू कितपत साध्य झाला हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पोर्तुगीज अभ्यवेक्षण : आतील कोंडी

पोर्तुगालमध्ये १९२६ साली लष्करी उठाव झाला आणि १९३२ पासून सालाझार यांची एकाधिकारशाही दृढ झाली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांचे राजकीय स्थान अधिकच दुय्यम ठरवले. लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी विधिमंडळात या कायद्याविरुद्ध ठराव मांडला. परंतु अशा आवाजाला पुढे वाव उरला नाही. वृत्तपत्रातील मजकूर छापण्यापूर्वी अभ्यवेक्षकाच्या नजरेखालून जाणे बंधनकारक होते. लग्नपत्रिकेसारखा खासगी मजकूरही त्यातून सुटत नसे. जाहीर सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक होती.

या पार्श्वभूमीवर १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे घडलेल्या घटनेचे महत्त्व लक्षात येते. डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी परवानगीशिवाय सभा घेण्याचा प्रयत्न केला व त्यांना अटक झाली. पोर्तुगीज सत्ता भारतातून जावी ही मागणी तर त्यामागे होतीच. परंतु लोकांच्या मनाची पकड ताबडतोब घेतली ती बोलण्याच्या हक्काच्या मागणीने. त्याच वर्षी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पुढे पोर्तुगालमधून निसटून ते मुंबईस आले व १९५३ पासून 'फ्री गोवा' हे पत्र चालवू लागले. गोव्याविषयीची मोकळी चर्चा अशा रीतीने गोव्याबाहेर, मुख्यतः मुंबईत होऊ लागली. अभ्यवेक्षणाने चर्चा थांबली नाही. तिने फक्त गाव बदलले.

भारताचे निर्बंध : बाहेरील कोंडी

स्वातंत्र्यानंतर भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी पोर्तुगालकडे वाटाघाटींचा औपचारिक प्रस्ताव मांडला. पोर्तुगालने तो नाकारला आणि १९५१ साली घटनादुरुस्ती करून या वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. भारताने जून १९५३ मध्ये लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाली. त्या वेळी भारताने दमणहून या भागाकडे जाणारी पोर्तुगीजांची वाट अडवली होती. हा प्रश्न पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता मार्गाधिकार मान्य केला, सैन्य व शस्त्रे यांसाठी तो नाकारला आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असेही ठरवले. सामान्य माणसाचे येणेजाणे आणि सत्तेच्या सैन्याचे येणेजाणे यांत न्यायालयाने केलेला हा भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मूलगामी आहे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवी, कॅसलरॉक आदी ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेल्यांची संख्या मोठी होती. पोर्तुगीज पोलीस व सैनिकांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. यानंतर भारताने निर्बंध अधिक कडक केले. व्यापार बंद झाला, कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वे थांबली, वाणिज्य दूतावास बंद झाले, प्रवासास परवाना लागू लागला आणि पैसे पाठवण्यावर बंधने आली.

या निर्बंधांचा भार कोणी सोसला, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. गोव्यातील असंख्य कुटुंबांचा संसार मुंबईतील नोकरदार, खलाशी आणि स्वयंपाकी यांच्या कमाईवर चाले. धोबीतलाव परिसरातील गावागावांच्या 'कुडीं'मध्ये राहणारा गोमंतकीय आपल्या गावाशी जोडलेला होता तो पत्राने, पैशाने आणि वर्षाकाठच्या फेरीने. नेमके हेच धागे आता ताणले गेले. उलटपक्षी पोर्तुगीज प्रशासनाने पर्यायी मार्ग शोधले. दाबोळी येथे विमानतळ उभा राहिला, कराचीशी हवाई संपर्क सुरू झाला, धान्य व इतर माल परदेशातून येऊ लागला. जपान व पश्चिम जर्मनीकडे होणारी लोहखनिजाची निर्यात अनेक पटींनी वाढली व तिजोरीस आधार मिळाला. सत्तेला पर्याय सापडला, सामान्य कुटुंबाला तो सहज सापडला नाही. निर्बंधांमागील हेतू न्याय्य असला तरी त्यांचा परिणाम हेतूप्रमाणे झाला नाही, असे म्हणावे लागते.

कोंडी फोडणारा आवाज

या दुहेरी कोंडीत एक महत्त्वाचा प्रयोग झाला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे त्याचे मुख्य सूत्रधार होते. आरंभी सावंतवाडीनजीक आंबोलीच्या जंगलातून आणि पुढे कॅसलरॉक परिसरातून पोर्तुगीज व कोकणी भाषांत प्रक्षेपण होत असे. पणजीतील शासकीय 'एमिसोरा द गोवा' केंद्राच्या प्रचाराला उत्तर देणे, अभ्यवेक्षणामुळे दडलेल्या वार्ता पोचवणे आणि १९६१ साली अंगोलात पेटलेल्या उठावासारख्या घटनांची माहिती देणे, हे कार्य या केंद्राने सुमारे सहा वर्षे अखंड केले. छापील कागद सीमेवर जप्त करता येत होता. ध्वनिलहरींना नाके नव्हते. शिवाय येथे गोमंतकीयांशी त्यांच्याच भाषेत बोलले जात होते. निर्बंधांनी जे नाते क्षीण झाले ते या केंद्राने काही अंशी जोडून ठेवले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, ही या कार्याची उशिरा झालेली दखल होय.

१८ डिसेंबर १९६१ रोजी लष्करी कारवाई सुरू होताच भारतीय वायुदलाने बांबोळी येथील बिनतारी केंद्र नष्ट केले. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांचा लिस्बनशी असलेला मुख्य दुवा तुटला. अखेरपर्यंत लढण्याचा सालाझार यांचा आदेश असतानाही त्यांनी १९ डिसेंबर रोजी शरणागती पत्करली व मोठा रक्तपात टळला. त्याच सुमारास लिस्बनमधील जनतेला मात्र घनघोर लढाईच्या बातम्या वाचावयास मिळत होत्या. अभ्यवेक्षणाची सवय जडलेल्या राजवटीने शेवटी आपल्याच जनतेला अंधारात ठेवले. त्याच दिवशी सरदेसाई व लोबो यांनी विमानातून ध्वनिवर्धकाद्वारे मुक्तीची वार्ता गोव्यातील जनतेस सांगितली. १९६२ साली 'गोमन्तक' हे मराठी दैनिक सुरू झाले.

समकालीन संदर्भ

गोव्याचा प्रश्न वसाहतमुक्तीचा होता. त्यामुळे आजच्या सीमावर्ती प्रश्नांशी त्याची सरसकट तुलना करणे योग्य ठरणार नाही. तथापि संपर्कबंदीच्या परिणामांविषयी काही साम्ये दुर्लक्षिता येत नाहीत. ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये दूरध्वनी व इंटरनेट सेवा खंडित करण्यात आल्या. वेगवान मोबाईल इंटरनेट सर्वत्र पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. दरम्यान अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी निर्णय दिला. इंटरनेट सेवा अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही, निर्बंध प्रमाणबद्ध असावेत आणि त्यांचे आदेश प्रसिद्ध करावेत, असे त्यात स्पष्ट केले. हिंसा रोखण्याची शासनाची जबाबदारी न्यायालयाने नाकारली नाही. परंतु त्या जबाबदारीला उत्तरदायित्वाची चौकट घातली. १९५५ च्या गोव्यातील नागरिकाला अशी दाद मागण्याची सोय नव्हती.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी दिसून येतात. पहिली, मजकुरावरील अभ्यवेक्षण आणि मार्गांवरील बंदी ही दोन भिन्न साधने असली तरी सामान्य माणसाच्या वाट्याला येणारे एकाकीपण दोहोंत सारखेच असते. दुसरी, सत्तेजवळ पर्यायी साधने असल्याने संपर्कबंदीचा आघात बहुधा सत्तेपेक्षा जनतेवर अधिक होतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सीमाप्रदेशातील जनतेचे मन जिंकण्यासाठी संपर्क तोडण्यापेक्षा तो निर्माण करणे अधिक फलदायी ठरते. गोव्याच्या सीमेवर रेल्वे थांबवणारा आदेश आणि आंबोलीच्या जंगलातून निघालेला आवाज हे एकाच वर्षातले. गोमंतकीयांना भारताच्या जवळ आणण्यात दुसऱ्याचा वाटा मोठा होता.