वाहन, चौकी आणि दाखला

काशीच्या गंगातीरावर मणिकर्णिकेकडून पंचगंगेच्या बाजूस जाऊ लागले, म्हणजे वाटेत नागपूरकर भोसल्यांचा घाट लागतो. 1780 च्या सुमारास नागपूरच्या राजघराण्याने तो बांधविला. पायऱ्यांच्या माथ्यावर भव्य दगडी वाडा उभा असून लक्ष्मीनारायणाचे देवालयही तेथेच आहे. घाट कोणी बांधला हे स्थळवर्णनपर ग्रंथांतून हटकून सांगितले जाते; पण नागपूर-वऱ्हाडाकडची माणसे त्या घाटापर्यंत पोचत कशी, कोणत्या वाहनाने, किती चौक्या ओलांडून आणि कोणते कागद दाखवून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक परक्या मुलखात आपले वाहन घेऊन जाणे ही गोष्ट मोटारीच्या शोधाबरोबर जन्मास आलेली नाही. तिचे नियम आणि त्या नियमांचा जाच फार जुना आहे.

नागपूरहून काशीची वाट शिवनी, जबलपूर, रेवा, मिर्झापूर अशी जाई. स्वतंत्र भारतात वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत जो सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आखला गेला, तोही नागपूरपर्यंत बहुतांशी याच वाटेने जात असे. 2010 नंतर त्याचे क्रमांक बदलले, वाट मात्र तीच राहिली. अठराव्या शतकात या वाटेवर एकच एक सत्ता नव्हती. भोसल्यांची हद्द संपली की दुसऱ्या राजाची, तिच्यापुढे आणखी तिसऱ्याची. प्रत्येक हद्दीवर चौकी, प्रत्येक घाटउतारावर आणि नदीच्या प्रत्येक उतारावर कोणाचा तरी हक्क. श्रीमंत यात्रेकरू मेण्यात वा पालखीत, शिपाई घोड्यावर, बायकामुले छकड्यात आणि गरीब पायी, असा तांडा निघाला की चौकीदाराची पहिली नजर जाई ती वाहनाकडे. माणसाची ऐपत विचारण्याचे कारणच नसे. वाहनच ती सांगून टाकी.

वाहनावरून कर ठरविण्याची ही पद्धत या देशात किती प्राचीन आहे, हे कौटिलीय अर्थशास्त्रावरून दिसते. सीमेवरील अधिकाऱ्याला, म्हणजे अंतपालाला, वर्तनी नावाचा मार्गकर घेण्याची मुभा तेथे दिली आहे. मालाच्या गाडीभर ओझ्याला सव्वा पण, घोड्यासारख्या एका खुराच्या जनावराला एक पण, गुराला अर्धा पण, लहान जनावराला पाव पण आणि खांद्यावरील ओझ्याला एक माष, असे दर ठरवून दिलेले आहेत. परदेशाहून आलेला माल तपासून, ओळखीची खूण व मुद्रा देऊन पुढे धाडावा, असेही सांगितले आहे. आजची नोंदणी आणि क्रमांकाची पाटी यांचे हे पूर्वजच म्हणावयाचे. परंतु या प्रकरणातील मर्म निराळेच आहे. मार्गकर घेणाऱ्या अंतपालाने वाटेत हरवलेल्या अथवा चोरीस गेलेल्या वस्तूची भरपाई केली पाहिजे, असा दंडक तेथेच घातलेला आहे. कर घेतला म्हणजे संरक्षणाचे उत्तरदायित्वही आले, असा हा व्यवहार होता.

पुढे फारसी राजभाषेच्या काळात या कराला राहदारी म्हणू लागले. राहदारी म्हणजे वाटेची राखण. नावात राखण उरली. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नुसती वसुलीच उरली. औरंगजेबाने आपल्या कारकीर्दीच्या आरंभी राहदारी मना केली होती, तरी ठिकठिकाणची वसुली चालूच राहिली. मराठी राज्यातही जकातीच्या चौक्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर दस्तकही होते. ज्याच्यापाशी सरकारचे दस्तक असेल त्याला चौकीवर अडवू नये, असा रिवाज असे. कोण जातो, कोठे जातो, बरोबर माणसे व जनावरे किती, त्याला कशाची माफी, एवढा मजकूर दस्तकात आला की काम भागे. पण दस्तक चाले ते देणाऱ्याच्या हद्दीपुरते. हद्द ओलांडली की त्या कागदाचा मान परक्या राजाच्या मर्जीवर आणि उभयतांच्या स्नेहावर अवलंबून राही.

म्हणूनच काशीयात्रा हा मराठी दरबारांच्या दृष्टीने राजकारणाचाही विषय होता. 1775 साली काशीचा मुलूख अयोध्येच्या नबाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. गया त्यापूर्वीच, 1765 पासून, कंपनीच्या ताब्यात होती. 1781 साली चेतसिंगाच्या बंडात वॉरन हेस्टिंग्जला काशी सोडून चुनारला आश्रय घ्यावा लागला, तेव्हा नागपूरकरांचा वकील बेनीराम पंडित आणि त्याचा भाऊ हे त्याच्याबरोबर गेले, आणि काशीत असलेले आपले लाख रुपये त्यांनी त्याला देऊ केले. नागपूर व कलकत्ता यांच्यात त्या वेळी किती जवळीक होती, हे यावरून दिसते. घाट उभा राहिला तो याच सुमारास. मराठी सरदारांच्या यात्रामंडळींना करांतून सूट मिळावी, अशा विनंत्या कंपनी सरकारकडे वारंवार जात. सरदारांच्या मंडळींना पत्राच्या बळावर सवलत मिळे. ज्याच्या पाठीशी दरबार नव्हता, त्या कुणब्याने वा भिक्षुकाने मात्र कमरेचा कसा सोडावा, हेच खरे.

1801 साली प्रयागही कंपनीकडे आले, आणि 1810 च्या अठराव्या रेग्युलेशनने तेथील यात्राकराचे दर कायद्यात बांधले गेले. पायी येणाऱ्या यात्रेकरूस एक रुपया. घोडा, पालखी अथवा कोणत्याही प्रकारची गाडी असणाऱ्यास दोन रुपये. उंट असल्यास तीन रुपये. आणि हत्ती असल्यास वीस रुपये. याहून अधिक काही मागण्यास मनाई होती. वरवर पाहता ही सुधारणाच होती, कारण दर ठरला की चौकीदाराच्या लहरीला जागा राहत नाही. पण ‘कोणत्याही प्रकारची गाडी’ या तीन शब्दांत केवढा अन्याय दडला होता! सावकाराचा मेणा आणि म्हाताऱ्या आईला निजवून आणलेला शेतकऱ्याचा छकडा हे दोन्ही एकाच ओळीत बसले. शिवाय, ज्याच्यापाशी वाहन नाही त्याला माफी होती असेही नव्हे. पायांनाही एक रुपया होताच.

या बाबतीत सारा दोष परकीयांच्या माथी मारता येणार नाही. जगन्नाथपुरीचा मुलूख 1751 पासून नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि तेथे येणाऱ्या यात्रेकरूंकडून त्यांच्या अमलातही कर घेतला जाई. काशी-गयेस आपल्या माणसांना माफी असावी आणि पुरीस दुसऱ्यांच्या माणसांनी पैसे भरावेत, असा हा दुहेरी न्याय होता. 1803 च्या युद्धात ओरिसा भोसल्यांच्या हातून गेला. कंपनीने आरंभी हा कर थांबविला; पण 1806 साली तो पुन्हा सुरू केला. राज्य बदलले तरी तिजोरीचा स्वभाव सहसा बदलत नाही.

बदल घडला तो दोन दिशांनी. चार्ल्स ट्रेव्हेलियन याने 1834 साली बंगाल इलाख्यातील अंतर्गत जकातींविषयी जो अहवाल लिहिला, त्यात चौक्यांचे खरे स्वरूप उघडे केले. जकात भरल्यावर ‘रवाना’ नावाचा परवाना मिळे आणि पुढच्या प्रत्येक चौकीवर तो मालाशी ताडून पाहिला जाई. अल्प पगाराच्या नोकरांना झडतीचा अधिकार दिलेला होता. जकातीच्या रकमेपेक्षा खोळंबा आणि चिरीमिरी यांचाच भार जड होई, आणि तो लहान माणसावर अधिक पडे. सरकारला जे मिळे त्याहून प्रजेचे जे बुडे ते मोठे, असा त्या अहवालाचा रोख होता. 1836 साली बंगाल इलाख्यातील या जकाती उठल्या. 1838 साली मुंबई इलाख्यातील उठल्या. प्रयाग, गया आणि पुरी येथील यात्राकर 1840 च्या दहाव्या कायद्याने बंद झाला. पुढे 1870 साली मुंबईचा लोहमार्ग जबलपुरास मिळाला आणि प्रयागची वाट आगगाडीने सलग झाली. तिकीट काढले की वाहनाचा प्रश्नच मिटला.

तो परत उद्भवला मोटारीबरोबर. 1914 च्या मोटार वाहन कायद्याने वाहनाची नोंदणी देशभर आली. मोटार ही घोड्याहून महाग, टिकाऊ आणि सहज विकता येणारी वस्तू. म्हणून सीमेवरच्या अधिकाऱ्याला नवी शंका पडू लागली. हे वाहन पाहुणे म्हणून आले आहे की राहावयास? जगातील सर्व नियम या एका प्रश्नाभोवती फिरतात. पाहुण्या मोटारीसाठी 1954 साली न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. वाहन मुदतीत परत नेण्याची हमी दिली की आयातशुल्क माफ, असे त्याचे सूत्र आहे. वाराणसीहून पशुपतिनाथास मोटारीने जाणाऱ्या यात्रेकरूस सोनौलीच्या सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भरून मुदतीचा परवाना घ्यावा लागतो, तोही याच जातीचा. राहावयास येणाऱ्या वाहनाची गोष्ट वेगळी. भारतात वापरलेली मोटार आणावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे चालकचक्र उजवीकडे असावे, अशा अटी आहेत. शुल्क भारी आहे ते वेगळेच. इतर देशांची जुनी वाहने येथे येऊन साचू नयेत आणि देशी कारखान्यांना झळ लागू नये, हा त्यामागील हेतू.

देशांतर्गत हद्दीही अगदीच पुसल्या गेल्या आहेत असे नाही. 1988 च्या कायद्याप्रमाणे एका राज्यातील नोंदणी साऱ्या भारतात मान्य आहे. परंतु वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिले तर तेथील क्रमांक घ्यावा लागतो, मूळ राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि करही नव्याने भरावा लागतो. नागपूरची मोटार वाराणसीस यात्रेकरू म्हणून कितीही वेळा जावो, तिला कोणी अडविणार नाही. ती तेथे संसार थाटू लागली की कायदा जागा होतो. बदलीच्या नोकरीतील माणसांची ही अडचण जाणून 2021 साली ‘बीएच’ या अक्षरांची अखिल भारतीय क्रमांकमालिका सुरू झाली. मालाच्या बाबतीत 2017 साली वस्तू व सेवा कर आला, राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले आणि मुंबईची जकातही इतिहासजमा झाली.

राज्याने सीमेवर चौकशी करू नये असे कोणी म्हणणार नाही. चोरीचे वाहन ओळखले पाहिजे, रस्त्यांचा खर्च वाहनधारकांकडून आला पाहिजे. पण नियमाची कसोटी साधी आहे. दर आधी ठाऊक असावा, पावती मिळावी, पायी चालणाऱ्यावर आणि गाडीवाल्यावर ऐपतीप्रमाणे भार पडावा, आणि घेतलेल्या पैशाच्या मोबदल्यात वाट सुरक्षित असावी. प्रयागच्या चौकीवर पहिल्या दोन गोष्टी कायद्याने मिळाल्या, पण उरलेल्या दोन राहून गेल्या. भोसल्यांच्या घाटावर जे यात्रेकरू पोचले, त्यांच्यामागे असे अनेक रुपये वाटेत सांडले होते. अंतपालाने हरवलेल्याची भरपाई करावी, हे अर्थशास्त्रातील कलम त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. चौकीवर बसलेल्यांना मात्र ते ठाऊक असावयास हवे होते.