घरातला उभा आरसा

श्रोतेहो, आज ज्या वस्तूविषयी आपण बोलणार आहोत ती प्रत्येकाच्या घरी असते. पण ती घरात आली कशी, हे सहसा कोणी विचारीत नाही. ती वस्तू म्हणजे आरसा. त्यातही, माणसाला डोक्यापासून पायांपर्यंत दाखविणारा उभा आरसा.

शब्दापासूनच सुरुवात करू. संस्कृतातील ‘आदर्श’ हा शब्द प्राकृतातून उतरत उतरत आपला ‘आरसा’ झाला. ‘ऐना’ मात्र फारसीतून आला. फार जुने आरसे काचेचे नव्हते. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात तांब्याचे आरसे सापडले आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शृंगार करणारी राजकन्या आहे, तिच्याही हातात लहानसा गोल आरसा आहे. धातू घासून घासून चकचकीत करायचा म्हणजे मोठे कष्ट. तेव्हा आरसा हाती धरण्याएवढाच असायचा, आणि तोही सगळ्यांच्या हाती नसायचा.

पुढे युरोपात व्हेनिसच्या कारागिरांनी काचेच्या पाठीला कथील आणि पारा यांचा थर देऊन उत्तम आरसे केले. पण काच मोठी निघत नसे. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ साली आरशांचे दालन पुरे झाले. त्यात १७ कमानी आहेत आणि प्रत्येक कमानीत २१, म्हणजे एकूण ३५७ आरसे आहेत! राजालासुद्धा तुकडे जोडूनच भिंत सजवावी लागली. त्यानंतर काचेचा रस ओतून मोठे तक्ते करण्याची रीत आली आणि उभे आरसे होऊ लागले. १८३५ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर बसविण्याची रीत काढली. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे हाल होत असत; या रीतीमुळे पुढे पारा मागे पडला आणि आरसाही स्वस्त झाला.

आता आपल्याकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, १८५४ साली ती कल्याणला पोचली, आणि मुंबईचा बाजार आपल्या दाराशी आला. पैसा फंडातून तळेगावला १९०८ साली काच कारखाना निघाला; १९१६ साली ओगल्यांचा कारखाना सुरू झाला, त्यांचा प्रभाकर कंदील तुमच्या आजोबांच्या घरी असेलच. तरी सामान्य घरात आरसा मात्र लहानच राहिला.

माझी आजी कल्याणला पारनाक्याजवळ एका वाड्यात दोन खोल्यांत राहत असे. तिची एक फणेरपेटी होती. झाकणाच्या आत तळहाताएवढा आरसा. त्यात चेहरा दिसे, गळ्याखालचे काही नाही. घरात आजोबांची बहीणही होती, आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. तिला लहानपणीच वैधव्य आले होते. आजीने पेटी उघडली की आत्याआजी तोंड फिरवून बसायची. तिला कोणी मनाई केल्याचे मी कधी ऐकले नाही. मनाई करावीच लागत नव्हती.

१९८८ साली आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो. वडिलांनी दाराला आरसा बसविलेले लोखंडी कपाट आणले आणि जागेच्या अडचणीमुळे ते आतल्या खोलीत ठेवले. एका दुपारी घर निजले असताना मी पाणी प्यायला उठलो, तो आत्याआजी कपाटापुढे उभी! सत्तरी ओलांडलेली बाई. मला पाहून ती दचकली, मग हळूच म्हणाली, “अरे, मी अगदी आमच्या आईसारखी दिसायला लागले रे!” ते कपाट बाहेरच्या खोलीत असते, तर ती त्याच्यापुढे कधी उभी राहिली असती का? मला नाही वाटत.

म्हणून आरसा घेताना आधी जागा ठरवा, मग माप. माप सोपे आहे. पूर्ण देह दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग तुम्ही जवळ उभे राहा की लांब! ५ फूट ६ इंच उंचीच्या माणसाला २ फूट ९ इंच पुरे. आरशाची वरची कड डोळा आणि डोक्याचा माथा यांच्या मध्यावर हवी, खालची कड डोळा आणि पाऊल यांच्या मध्यावर. घरात उंच-ठेंगणी माणसे असतात, तेव्हा वरची कड सर्वांत उंच माणसाच्या मापाने आणि खालची सर्वांत ठेंगण्याच्या मापाने धरा. सव्वातीन-साडेतीन फुटांत बहुतेक मोठ्या माणसांचे काम भागते.

काच पारखायची ती अशी. दुकानात आरशात एखाद्या खिडकीचा गज पाहा आणि मान हळूहळू हलवा. गज लाटेसारखा डोलला, तर काच सपाट नाही. १९५९ साली पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत जाहीर केली. १९९०च्या दशकात तशी काच तळोज्यालाही होऊ लागली. त्यामुळे आज सपाट काच मिळणे अवघड नाही. पाठीचा रंगही पाहून घ्या. तो कडेला कुठे उडालेला नसावा. आपल्याकडच्या पावसात भिंतीला ओल येते. ती चांदीपर्यंत पोचली की कडेने काळे डाग पडू लागतात, आणि ते पुसून जात नाहीत. भिंत आणि आरसा यांत बोटभर अंतर ठेवा.

उजेड आरशावर नव्हे, तोंडावर पडला पाहिजे. म्हणून खिडकी बाजूला असावी. पायांवर उभा राहणारा आरसा असेल तर वरून भिंतीला आकड्याने अडकवा, नाहीतर पोर धरायला जायचे आणि आरसा अंगावर यायचा.

शिक्षकबंधूंनो, निम्म्या मापाची गोष्ट वर्गात करून दाखवा. आरसा, दोरी आणि खडू एवढेच लागते. आणि घरच्या आरशाची जागा ठरविताना एवढे विचारा : घरातले सर्वांत संकोची माणूस येथे निवांत उभे राहू शकेल का? ‘हो’ असे उत्तर आले, तर जागा बरोबर आहे.